ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय: तीन इंची डाउनपाइप घालावा की नुसता कॅटबॅक?

मानपाडा_१८टीएसआय

गाडी २०१८ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, डीएसजी (दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), बीएस ४, पासिंग एमएच-०४. इंजिन आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही स्टॉक, म्हणजे कंपनीचेच. रोजचा रस्ता मानपाडा ते महापे: घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड.

वागळे इस्टेटमधला एक फॅब्रिकेटर सुचवतोय ते असं. टर्बोपासून निघणारा तीन इंची डाउनपाइप, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकायचा, मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा डबा) काढून मागेपर्यंत सरळ तीन इंची पाईप आणि शेवटी एकच मफलर. मटेरियल 'एसएस', वेल्डिंग आर्गनचं. चेक इंजिनचा दिवा लागू नये म्हणून मागच्या लॅम्डा सेन्सरखाली (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) स्पेसर.

रीमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं, सध्या करायचं नाही. आवाज थोडा भरदार हवा, पण सोसायटीतल्यांनी तक्रार करावी इतका नको. नुसत्या पाईपने पॉवर वाढेल का, की नुसता कॅटबॅक (कॅटच्या मागचा सगळा पाईप) बदलावा, अडीच इंच पुरेल का, आणि काम करून घेताना काय तपासायचं? नेमकं सांगा.

लॅम्डा_नेरुळ

रीमॅप करायचा नसेल तर डाउनपाइपचा विषय इथेच सोडा. या इंजिनाचा ईसीयू टॉर्कच्या हिशोबाने चालतो. टर्बोनंतरचा अडथळा कमी झाला की टर्बो लवकर फिरतो, तेवढ्यात ईसीयूला ठरलेला टॉर्क मिळतो आणि तो वेस्टगेट (जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) उघडून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, जागेवर आणतो. हाती येतो तो किंचित लवकर येणारा बूस्ट, बाकी काही नाही. बदल फार मोठा असेल आणि वेस्टगेटचं भोक तेवढा गॅस वळवायला कमी पडलं, तर बूस्ट हाताबाहेर चढतो आणि पी०२३४ हा जादा बूस्टचा कोड पडून गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम कमी केलेल्या पॉवरवर, जाते.

रीमॅप केला तरी पुढे गिअरबॉक्स उभा आहे. या गाडीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि गाडी शोरूममधून निघतानाच २५० देते. म्हणजे शिल्लक जागा जवळजवळ नाही. तीन इंची डाउनपाइपचा खरा फायदा ज्या टॉर्कमध्ये मिळतो, तो हा क्लच फार दिवस सोसणार नाही.

आता व्यासाचा हिशोब. १८० पीएससाठी इंजिन मिनिटाला साधारण ८ किलो हवा ओढतं. त्यात इंधनाचं वजन मिळवून ६०० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.३६ घनमीटर गॅस होतो. अडीच इंची पाईप १६ गेजचा, म्हणजे भिंत साधारण १.६ मिमी, असेल तर आतला व्यास ६०.३ मिमी आणि क्षेत्रफळ २८.५ चौरस सेंटीमीटर. त्यातून वेग येतो सेकंदाला १२७ मीटरच्या आसपास. त्या तापमानाला आवाजाचा वेग ५९० मीटर, म्हणजे मॅक ०.२ च्या थोडा वर. ०.३ च्या आत असलं की पुरे, आणि मागे जाता जाता गॅस थंड होतो तसा वेग आणखी उतरतो. तीन इंचात क्षेत्रफळ ४२ चौरस सेंटीमीटर, वेग ८६. या इंजिनाला त्याची गरज नाही. तुमच्या वाट्याला फक्त जास्त वजन आणि जास्त घुमणं येईल.

स्टॉक पाईप खरंच अडवतोय का हे पैसे घालण्याआधी मोजता येतं. कॅटनंतरचा लॅम्डा सेन्सर काढून त्याच एम१८ × १.५ आट्यात अडॅप्टर बसवा, त्याला मीटरभर स्टीलची बारीक नळी आणि तिच्या टोकाला ० ते १ बारचं गेज लावा. रबरी नळी थेट लावलीत तर वितळेल. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन रेडलाइनजवळ वाचा. ०.१ बारच्या आत असेल तर कॅटबॅक बदलून पॉवर मिळणार नाही, मिळेल तो फक्त आवाज. सेन्सर काढल्यामुळे कोड पडेल, तो नंतर पुसा. सेन्सरचा हीटर चालूच राहतो, तेव्हा तो वायरिंगपासून लांब बांधा.

स्पेसर म्हणजे ईसीयूच्या डोळ्यांवर झापड. दिवा विझतो, धूर तोच राहतो.

टर्बोप्रेमी_पनवेल

पण टर्बोला थोडं बॅक प्रेशर लागतंच ना? पाईप एकदम मोकळा केला की खालचा टॉर्क जातो असं सगळेच म्हणतात.

लॅम्डा_नेरुळ

नाही. टर्बाइन फिरते ती तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब जितका कमी तितकं बरं, तोट्याचा प्रश्नच नाही. 'खालचा टॉर्क जातो' ही समजूत टर्बो नसलेल्या इंजिनांकडून आली आहे. तिथे सिलिंडरमधून निघणाऱ्या हेडरच्या नळ्यांची लांबी-जाडी चुकली की एका सिलिंडरच्या लाटेने दुसऱ्याचा गॅस ओढून काढण्याचं गणित बिघडतं. टर्बाइन मध्ये आली की त्या लाटा तिथेच मोडतात.

आर्गनवाला_रबाळे

वरचा हिशोब बरोबर आहे, अडीच इंची कॅटबॅक करा. आता काम कसं करून घ्यायचं ते. थोडं लांबेल, कारण गाड्या परत येतात त्या व्यासामुळे नाही, बसवण्यातल्या चुकांमुळे.

पहिली गोष्ट पाईपची. कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊन नुसतं 'अडीच इंची एसएस पाईप' मागू नका. पाण्याच्या लाइनीचा पाईप एनबीत (आतल्या नाममात्र व्यासात) मोजतात, आणि अडीच इंच एनबी म्हणजे बाहेरून ७३ मिमी. शेड्यूल १० असेल तर भिंत ३ मिमीच्या वर आणि वजन मीटरला सव्वापाच किलो. आपल्याला हवा तो बाहेरून ६३.५ मिमीचा ट्यूब, १६ गेज, मीटरला अडीच किलो. ओडी (बाहेरचा व्यास) सांगून मागायचा आणि वर्नियर लावूनच घ्यायचा.

दुसरी ग्रेड. 'एसएस' हे उत्तर नव्हे. रेलिंगवाल्यांकडे मिळतो तो बहुतेक २०२, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. २०२ आणि आपल्याला हवा तो ३०४, दोन्ही ग्रेडना लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून चुंबक दाखवून '३०४ आहे बघा' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मँगनीज ओळखणाऱ्या द्रावणाचा एक थेंब टाकला की २०२ लगेच पकडला जातो, नाहीतर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत २०२ वर वेल्डिंगच्या कडेने तांबूस डाग लवकर धरतात. चुंबक ज्याला चिकटतो तो ४०९ वाईट नसतो, पुष्कळ कंपन्यांचे मूळ पाईप त्याच जातीचे असतात. वरून थोडा गंजतो, पण भोक पडायला वर्षं लागतात.

बेंड मँड्रेलचेच, म्हणजे आत दांडा धरून वाकवलेले, घ्या. हायड्रॉलिक प्रेसवर वाकवलेला पाईप आतल्या बाजूने चेपतो, मग अडीच इंचाचे पैसे देऊन वळणावर दोन इंच मिळतात. ४५ आणि ९० अंशांचे तयार बेंड मिळतात, त्यांची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या दीडपट तरी असावी.

तिसरी गोष्ट आर्गन. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल फिलर, म्हणजे वेल्डिंगची भरणीची तार. ३०४ ला कंपनीचा ४०९ किंवा साधा एमएस (माइल्ड स्टील) जोडायचा असेल तर ३०९एल, नाहीतर सांध्यालगत केसासारखी चीर जाते. याहून महत्त्वाचं म्हणजे आतून पर्ज. पाईपची दोन्ही टोकं बंद करून आत आर्गन सोडलाच पाहिजे. तसं केलं नाही तर बाहेर इंद्रधनुषी सुंदर शिवण दिसते आणि आत साखर पडल्यासारखा काळा खडबडीत थर तयार होतो. सांधा तिथूनच तडकतो, वर गॅसलाही अडथळा. ताबा घेण्याआधी टॉर्च लावून पाईपमध्ये बघा. वेल्डरने तेवढा एक सांधा उघडा ठेवून दाखवायला कां-कू केली तर समजून जा.

आता कापण्याबद्दल. या गाडीचा मधला आणि मागचा सायलेन्सर कंपनीतून एकसंध येतो. पाईपवर एका ठिकाणी गोलाकार तीन खड्डे उमटवलेले असतात, ती कंपनीनेच दिलेली कापायची जागा, तिथेच काटकोनात कापायचं. शक्य असेल तर कापूच नका: डाउनपाइपनंतरच्या स्लीव्ह क्लॅम्पपाशी सोडवा आणि सबंध स्टॉक सायलेन्सर जपून ठेवा. गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी तोच लागणार. नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. रबरी हँगर ओढून काढू नका, साबणाचं पाणी लावलं की हाताने निघतात.

नवा पाईप गाडीखालीच जागेवर धरून फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारायचे, पूर्ण वेल्डिंग खाली उतरवून टेबलावर. गाडीवर टॅक मारताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली हवी आणि अर्थिंगचा चिमटा त्याच पाईपवर, सांध्याच्या जवळ हवा. तो सबफ्रेमला लावला तर करंट कुठल्या बेअरिंगमधून किंवा मॉड्यूलमधून वाट काढेल सांगता येत नाही. दोन फ्लँज (सांध्याच्या बोल्ट लावायच्या चकत्या) एकमेकांना आवळूनच वेल्ड करायचे. सुटा फ्लँज उष्णतेने बशीसारखा वाकतो आणि मग कुठलंही गॅस्केट त्याला बसत नाही.

हँगर कंपनीच्याच जागी, १० ते १२ मिमीच्या एसएस सळईचे. वजन हँगरवर यावं, सांध्यावर नाही. सगळे क्लॅम्प सैल ठेवून पाईप लटकवा, रबर सरळ उभे दिसेपर्यंत फिरवा, मग पुढून मागे आवळत या. मागून सुरुवात केली की ताण पुढे जमा होतो आणि डाउनपाइपचा लवचीक जाळीदार तुकडा, फ्लेक्स, फाटतो. स्लीव्ह क्लॅम्पचे एम८ नट २५ न्यूटन मीटरपर्यंत पुरेत, त्याहून जास्त आवळून पाईप अंडाकृती करू नका.

मोकळी जागा सगळीकडून किमान २० मिमी. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना एकदा आणि चाकांवर उभी, मागे तीन माणसं बसलेली असताना दुसऱ्यांदा तपासा. ३०४ तापल्यावर पुष्कळ वाढतो: तापमान ४०० अंशांनी चढलं तर मीटरमागे जवळपास ७ मिमी. थंड गाडीत बंपरला बोटभर लांब वाटणारी टिप तापल्यावर प्लास्टिक वितळवते ती अशी. पेट्रोलच्या टाकीजवळची आणि ब्रेक होजजवळची हीट शील्ड 'आडवी येते' म्हणून काढायला देऊ नका. पाईपचा सर्वांत खालचा बिंदू स्टॉकपेक्षा खाली जाता कामा नये, नाहीतर सोसायटीचा पहिला स्पीड ब्रेकरच निकाल लावेल.

एमएच४३_कागदपत्र

कायद्याबद्दल कोणी बोललं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ बांधणीत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा तोच अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या १८२अ (४) नुसार दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि धुरासाठी कलम १९० (२): पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. तेव्हा शांत कॅटबॅकसुद्धा कागदावर बदलच आहे हे समजून करा. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी त्यांना आयता मुद्दा मिळतो.

कॅट काढण्याबद्दल. बीएस ४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. २,५०० आरपीएमला ०.२ टक्के, आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ मध्ये. कॅटशिवाय या आकड्यांत गाडी प्रामाणिकपणे बसत नाही.

मानपाडा_१८टीएसआय

ठरलं. डाउनपाइप आणि कॅट स्टॉकच, पुढे अडीच इंची ३०४. आता एकच शंका राहिली: रेझोनेटर काढला तर घुमेल का? घोडबंदरला मेट्रोच्या खांबांमधून गाडी बहुतेक वेळ १,८०० ते २,४०० आरपीएममध्येच असते. एका ठिकाणी वाचलं की बाजूला बंद नळी जोडली की घुमणं जातं.

लॅम्डा_नेरुळ

घुमेल, आणि नेमकं त्याच पट्ट्यात. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणून २,४०० आरपीएमला ८० हर्ट्झ आणि १,८०० ला ६०. बंद केबिनला हाच पट्टा सगळ्यात जास्त लागतो.

बंद नळीचं तत्त्व खरं आहे. तिची लांबी लाटेच्या पाव लांबीइतकी ठेवायची. गॅस वाहत नसल्याने नळी मुख्य पाईपपेक्षा थंड राहते. १८० अंश धरले तर आवाजाचा वेग ४२७ मीटर, त्याला ८० च्या चौपटीने भागलं की १.३३ मीटर. ६० हर्ट्झसाठी पावणेदोन मीटरच्या वर. एवढी नळी या गाडीखाली ठेवणार कुठे? शिवाय ती एकाच आरपीएमवर चोख काम करते, आजूबाजूला नाही. व्ही८ वाल्यांचं बरं आहे, त्यांच्यात स्फोट दुप्पट, म्हणून नळी निम्मी.

म्हणून रेझोनेटर ठेवाच. आतून जाळीदार सरळ नळी आणि भोवती भराव असलेला, अंग ४५ सेंटीमीटर तरी लांब. शेवटी मोठ्या पोटाचा मफलर. छोटा गोल मफलर आणि रेझोनेटर नाही, ही जोडीच सगळीकडे घुमते. भराव आधी स्टीलच्या लोकरीचा आणि मग बेसॉल्ट किंवा काचतंतूचा हवा. थेट काचलोकर जाळीला लागली तर वर्षा-दोन वर्षांत उडून जाते आणि आवाज फाटका होतो.

आर्गनवाला_रबाळे

मफलरला सगळ्यात खालच्या बाजूला ३ मिमीचं एक भोक असू द्या. छोट्या फेऱ्यांत आत पाणी साठतं, ते तिथून निघून जातं. कंपनीच्या मफलरलाही असतं ते, लोक लीक समजून वेल्ड करून टाकतात.

खाडीकाठ_ऐरोली

पुढेमागे डाउनपाइपला हात घातलात तर तीन गोष्टी लक्षात असू द्या. टर्बोपाशी व्ही-बँड क्लॅम्प (सांध्याभोवतीचा गोल पट्टा) नवाच घाला. आवळताना मध्ये मध्ये रबरी हातोडीने गोल ठोकत पुन्हा आवळायचं, एका दमात आवळला की तो तिरका बसतो. लॅम्डा सेन्सरचं तोंड आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर हवं, नाहीतर सकाळी थंड इंजिनातलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जाऊन तो तडकतो. अँटीसीझ फक्त आट्यांना, टोकाला नाही. आणि सेन्सरच्या आधीच्या कुठल्याही सांध्याला सिलिकॉनचा सीलंट लावू देऊ नका, त्याची वाफ सेन्सर मारते.

पाईपला कापडी रॅप गुंडाळायचा सल्ला इथे कोणीतरी देईलच. आपल्या पावसाळ्यात तो ओल धरून ठेवतो आणि आतला पाईप चार महिने भिजत राहतो. उष्णता अडवायचीच असेल तर सिरॅमिक कोटिंग.

मानपाडा_१८टीएसआय

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात काय काय बघू?

खाडीकाठ_ऐरोली

पहिले दहा-वीस मिनिटं पाईपवरचं तेल जळून धूर आणि वास येतो, त्याला घाबरू नका. पण तो मोकळ्या हवेत जाऊ द्या, बेसमेंट पार्किंगमध्ये नको.

लीक बघायला थंड इंजिन हवं. टेलपाइपमध्ये ब्लोअरची हवा चिंधी कोंबून सोडा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. थंड असताना टिक-टिक आणि तापल्यावर बंद, म्हणजे सांधा फुगून स्वतःच बुजतोय, तो सुधारावा लागेल. आठवड्याने सांध्याभोवती काजळीची रेघ दिसली तर तोच अर्थ.

शंभर किलोमीटर झाल्यावर थंड गाडीत सगळे नट पुन्हा टॉर्कने तपासा. ओबीडी स्कॅनर (ईसीयूचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) असेल तर काम करण्याआधीचे लाँग टर्म फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे, आकडे लिहून ठेवा. नुसत्या कॅटबॅकने ते हलायला नकोत. डाउनपाइपचा सांधा कामात हलला असेल आणि ट्रिम १० टक्क्यांच्या वर चढला, तर सेन्सरच्या आधी बाहेरची हवा शिरतेय. सेन्सर तिला पातळ मिश्रण समजतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत राहतो. कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा पी०४२० कोड आला तर कॅटला दोष देण्याआधी मागच्या सेन्सरजवळचा सांधा बघा.

आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबलेलं असेल तर ऐरोलीकडून वळसा घ्या. टेलपाइप पाण्याखाली असताना इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी मारू नका, गाडी ढकलून बाहेर काढा.

आर्गनवाला_रबाळे

एक राहिलं. बिलावर ग्रेड, ओडी आणि गेज लिहून घ्या. '३०४, ६३.५ ओडी, १६ गेज, आतून पर्ज' एवढे शब्द लिहायला जो तयार होईल त्याच्याकडेच गाडी द्या.

मानपाडा_१८टीएसआय

सगळ्यांचे आभार. वागळेवाल्याला आत्ताच विचारलं. ३०४ लिहून देतो म्हणाला, पण पर्जचे पैसे वेगळे सांगतोय.

आर्गनवाला_रबाळे

द्या. सिलिंडरमधला आर्गन खरंच जास्त जातो, त्यात लबाडी नाही.